दोरा कुणी बांधायला सांगितला

साळूमावशी आता कशी असेल, काय करत असेल, हा विचार रविवारपासून प्रतिभाच्या डोक्यातून जाता जात नव्हता. कणीक मळताना तो यायचा, कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारताना यायचा, आणि सकाळी एस्तेरच्या वेण्या घालताना तर हमखास यायचा. त्या वेण्या एप्रिलपर्यंत साळूमावशीच घालत होती. प्रतिभानं पाडलेला भांग पोरीला कधी सरळ वाटत नसे.

रविवारी जुन्नरच्या चर्चमध्ये उपासना संपली आणि प्रतिभा बाहेर चपला शोधत होती, तेव्हा मंगलबाईंनी तिला हाताला धरून बाजूला घेतलं. मंगलबाई म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नी. बोलणं हळू, पण एकदा बोलल्या की मंडळीत ते ठरल्यासारखंच.

"मंचरच्या आपल्या वसतिगृहाला मावशी हवी आहे, लहान मुलींकडे बघायला. तुमच्या मिस्टरांनी साळुबाईचं नाव सुचवलंय. गुरुवारी अकराला समितीची बैठक आहे."

सुनीलनं प्रतिभाला काही सांगितलं नव्हतं.

"तीस मुली आहेत, प्रतिभा. कुणाला आई नाही, कुणाचे आईबाप वीटभट्टीवर. चोवीस तास त्या बाईच्याच हवाली असणार. ते दोऱ्याचं प्रकरण झालं नसतं तर मी डोळे मिटून हो म्हटलं असतं. पण लोक काय काय बोलतात, तुम्हीही ऐकलंच असेल. ती बाई तुमच्या घरात सात वर्षं होती. तुम्ही सांगाल ते मी धरीन."

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. प्रतिभा म्हणाली, "मी काय सांगणार बाई, तुम्हाला सगळं माहीतच आहे."

माहीतच आहे! मंगलबाईंना त्या दोऱ्याबद्दल जे माहीत होतं ते सगळं प्रतिभानंच सांगितलं होतं, आणि ते धादांत खोटं होतं.

साळूमावशीचं माहेर आणि सासर दोन्ही आंबेगावच्या पश्चिम अंगाला, डिंभे धरणाच्या वर, जिथं एसटी दिवसातून दोनदा जाते आणि पावसाळ्यात एकदा तरी येईल याची खात्री नसते. नवरा हिरड्याच्या झाडावरून पडून गेला तेव्हा तिचा पप्पू चार वर्षांचा होता. भाताची दोन खाचरं आणि वरईचा एक उतार, एवढ्यावर तिनं त्याला वाढवला. उन्हाळ्यात हिरडा वेचायचा, सुगीला खाली जुन्नरकडं टोमॅटो तोडायला यायचं. पप्पू मोठा झाला, पिकअप चालवायला शिकला आणि बायकोला घेऊन चाकणला गेला. आईला चल म्हणायचा, पण एका खोलीत चौघं, त्यात ही कुठं मावणार. तीच म्हणायची, "मला तितं करमत न्हाई. सगळी माणसं घड्याळ बघून जेवत्यात."

सुनीलची झेडपीची शाळा तिच्याच वाडीत. ती शाळेत खिचडी शिजवायला यायची. एस्तेर पाच महिन्यांची झाली, प्रतिभाची रजा संपली, आणि ते राहत होते त्या ओतूरमध्ये धड बाई मिळेना, तेव्हा सुनील म्हणाला, "आमच्या साळुबाईला विचारू का? एखादं पोर रडलं तर ती आधी पोराकडं जाते, मग चुलीकडं. खिचडी लागते अधूनमधून, पण बाई चांगली आहे."

ती एका पिशवीत दोन लुगडी, एक स्टीलचा डबा आणि नाचणीचं पीठ घेऊन आली. आल्या आल्या तिनं भिंतींकडं बघितलं, कोनाड्यांकडं बघितलं.

"देव न्हाई व्हय घरात?"

"आहे मावशी," प्रतिभा म्हणाली. "आम्ही ख्रिस्ती. आमच्यात मूर्ती नसते."

"मंग त्यो तुमाला दिसतो कसा?"

"दिसत नाही."

"आन ऐकतो?"

"ऐकतो."

"मंग बरंय की. आमचा दिसतो, पर ऐकंल तवा खरं." आणि पुढचा पडलेला दात दाखवत ती अशी हसली की पाळण्यातली एस्तेरही हसली.

रोज साडेसातला त्यांच्या घरात कौटुंबिक उपासना होई. आधी गीत, मग वाचन, मग प्रार्थना. शेवटी सुनीलच्या वडिलांनी घालून दिलेली एक रीत होती. प्रत्येकानं आज आपलं काय चुकलं ते सगळ्यांदेखत सांगायचं. कुणी रागवायचं नाही, कुणी नंतर तो विषय काढायचा नाही. साळूमावशी सुरुवातीला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून लसूण सोलत ऐके. कुणी तिला आत बोलावलं नव्हतं, बाहेर बस असंही म्हटलं नव्हतं. साताठ महिन्यांनी एके दिवशी सुनीलचं सांगून झालं, प्रतिभाचं झालं, आणि उंबऱ्यावरून आवाज आला, "गुर्जी, मी बी सांगू का? सकाळी दूध उतू ग्येलं. मी ताईस्नी सांगितलं मांजरानं सांडलं. आपल्याकडं मांजरच येत न्हाई."

सुनीलला हसू आवरेना. कसंबसं "आमेन" म्हणून त्यानं पुस्तक मिटलं. त्या दिवसापासून ती आत सतरंजीवर बसू लागली. सोमवारचा उपास तिनं सोडला नाही, वर्षातून एकदा गावच्या देवीला जायची तीही जातच राहिली. तिला कुणी सोड म्हटलं नाही आणि तिनंही कधी विचारलं नाही.

एस्तेर तिच्याच मांडीवर बोलायला शिकली, त्यामुळं पहिली दोन वर्षं पोरगी 'नाही'ला 'न्हाई' म्हणे. तिसऱ्या वर्षी तिनं उपासनेत पहिल्यांदा आपली चूक सांगितली: "मी खडू खाल्ला." प्रतिभाला यायला उशीर झाला तर संध्याकाळचं वचन साळूमावशीच पाठ करून घेई. तिला वाचता येत नव्हतं, पण ऐकून ऐकून तिचं सगळं तोंडपाठ. एखादा शब्द चुकला की म्हणे, "आसं न्हाई, परवा गुर्जी येगळं म्हणले व्हते." शिकवणीहून येताना वाटेत उसाचं रान लागे. बिबट्याच्या भीतीनं ती हातात काठी घेऊन पोरीला पुढं घाली आणि मोठमोठ्यानं चर्चमधली गीतं म्हणत येई. तिच्या तोंडी त्यांना सुगीच्या भलरीची चाल चढे.

पोरगी खोटं बोलली तर ती ओरडत नसे. म्हणे, "तुजा देव आन माजा देव दोघं एका कट्ट्यावर बसून बघत्यात बरं. रुसले तर म्या कुणाकुणाची समजूत काढू?"

आणि नाव कुणाचं झालं, तर प्रतिभाचं. एस्तेर शहाणी, एस्तेरला वचनं किती येतात, एस्तेर खरं बोलते. मागच्या वर्षी भगिनी मंडळाच्या मेळाव्यात तर प्रतिभानं 'ख्रिस्ती घरातलं मुलांचं संगोपन' या विषयावर अर्धा तास भाषण केलं. मुद्दे कार्डावर लिहून नेले होते. मूल आपलं बोलणं ऐकत नाही, आपलं वागणं बघतं, असंही ती त्यात म्हणाली होती. टाळ्या पडल्या. साळूमावशी मागच्या बाकावर एस्तेरला मांडीवर घेऊन बसली होती. भाषणात तिचा उल्लेख कुठंच नव्हता, आणि असायला हवा हे प्रतिभाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

फेब्रुवारीत एस्तेरला ताप आला. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती नाचली, सगळ्यांनी गालगुच्चे घेतले, दुसऱ्या दिवशी अंग तापलं. सुनील प्रशिक्षणासाठी पुण्याला गेला होता. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे, पाचसहा दिवस घेईल. रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. प्रतिभा केमिस्ट्रीची पदवीधर. व्हायरल म्हणजे काय ते तिला कळत होतं. पण पाचव्या दिवशी संध्याकाळी थर्मामीटर एकशेतीनच्या वर गेला आणि पोरगी छताकडं बघून काहीबाही बडबडायला लागली. प्रार्थना करून करून प्रतिभाची जीभ कोरडी पडली होती. शेवटी ती स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं.

"मावशी, तुम्हाला दृष्ट काढता येते ना?"

साळूमावशी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"येती. पर तुमच्यात चालत न्हाई ह्ये."

"काढा."

"ताई, गुर्जींना इचारा आदी. पोरगी बरी व्हईल. म्या बी पोरं बघितल्याती तापातली."

"मावशी, मी सांगते आहे ना! माझी पोर आहे ती."

मग साळूमावशीनं मीठ, मोहरी आणि सात लाल मिरच्या मुठीत घेतल्या आणि एस्तेरवरून उतरवल्या. तव्यावर मिरच्या टाकल्या तर ठसका आला नाही. ठसका आला नाही म्हणजे दृष्ट लागली होती, हे प्रतिभालाही लहानपणापासून शेजाऱ्यापाजाऱ्यांत ऐकून माहीत होतं. तिच्या अंगावर काटा आला आणि बरंही वाटलं.

"दोरा पण बांधा," ती म्हणाली.

"दोरा नगं ताई. दिसंल कुणाला."

"पायात बांधा. मोजा येतो वरून."

शिवणाच्या डब्यातला काळा दोरा प्रतिभानं स्वतः तोडून दिला. साळूमावशीनं गाठ मारली. एस्तेर जागी होती. तापानं लाल झालेल्या डोळ्यांनी ती एकदा तिच्या साळूआजीकडं, एकदा आईकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला. तो सहावा दिवस होता. उतरायचाच होता तो. पण दोरा काढायचा प्रतिभाला धीर झाला नाही. उद्या काढू, आठवड्यानं काढू, असं करत तो पायात राहिला. सुनीलला तिनं सांगितलं नाही. साडेसातच्या उपासनेत त्या दिवसांत ती 'आज कामावर चिडचिड झाली' असलं काहीतरी सांगत होती. साळूमावशी खाली मान घालून सतरंजीचे धागे सारखे करत बसे.

एप्रिलमध्ये, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, चर्चमध्ये, प्रतिभा शिकवायची त्या संडे स्कूलच्या मुलांसाठी पाय धुण्याचा कार्यक्रम होता. येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून मोठ्यांनी मुलांचे पाय धुवायचे. मुलं बाकावर ओळीनं बसली, बूट काढले. मंगलबाई गुडघ्यांवर बसल्या, घमेल्यात कोमट पाणी, खांद्यावर पांढरा टॉवेल. एकेका मुलाचे पाय त्या धूत, पुसत, आणि डोक्यावर हात ठेवून दोन शब्द प्रार्थना करत. एस्तेर पाचवी होती. ती मोजा काढायला लागली तेव्हा प्रतिभाला आठवलं. पण तोवर घमेलं पोरीसमोर आलं होतं.

मंगलबाईंचा हात घोट्यावर थांबला.

"हे काय गं बाळा?"

एस्तेरनं आईकडं बघितलं. बाकांवरच्या पंधरावीस बायकांनीही प्रतिभाकडं बघितलं. त्यांच्यापैकी निम्म्याजणींनी तिचं ते भाषण ऐकलेलं होतं.

"अगंबाई!" प्रतिभा म्हणाली. इतक्या सहज आवाजात ते कसं निघालं, तिचं तिलाच कळलं नाही. "हे साळुबाईचं काम! मला न विचारता... मी कामावर जाते ना दिवसभर."

"तरी मी म्हणतच होते," मागून कुणीतरी म्हणालं. "आपण घरी नसलो की या बाया काय काय करतात!"

"सात वर्षं ठेवून घेतलंत, फळ दिलंन बघा."

मंगलबाईंनी कात्री मागवली, दोरा कापला, पाय नीट पुसले आणि प्रार्थना केली. ती इतरांपेक्षा जरा लांबली. त्यात प्रतिभाच्या घराला सगळ्या अंधारातून मोकळं कर असं मागणं होतं. प्रतिभानं त्यालाही आमेन म्हटलं. एस्तेर ओल्या पायांचे अंगठे एकमेकांवर घासत बसली होती.

संध्याकाळपर्यंत ते भगिनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं, प्रार्थनेची विनंती म्हणून. 'एका भगिनीच्या घरातील कामवालीने मुलीला दोरा बांधला आहे, कुटुंबासाठी प्रार्थना करा.' खाली हात जोडल्याची पंचवीस चित्रं. ईस्टर येईपर्यंत दोऱ्याची करणी झाली, आणि एक सोडून तीन घरांत म्हणे तिनं असंच केलेलं निघालं. ती तीन घरं कुठली, कुणालाच माहीत नव्हतं. प्रतिभाला ठाऊक होतं की ती कुठंच नाहीत.

सुनीलला तिनं तेच सांगितलं जे चर्चमध्ये सांगितलं होतं. त्याला वाईट वाटलं, पण तो म्हणाला, "समजावून सांगू की तिला. मायेपोटीच केलं असणार." तो असं म्हणाल्यावर तर प्रतिभाला घरात साळूमावशी समोर दिसणंच सहन होईना. रोज साडेसातला ती सतरंजीवर बसणार, आज काय चुकलं ते ऐकणार, आणि तिला सगळं माहीत असणार.

सोमवारी सुनील शाळेला गेल्यावर तिनं विषय काढला.

"मावशी, मंडळीत फार बोलणं झालंय. तुम्ही आता काही दिवस गावी..."

"दोऱ्याचं व्हय?" साळूमावशी भांडी विसळत होती. "तुमी काय सांगितलं, ताई?"

प्रतिभा ओट्याकडं बघत राहिली. नळ चालू होता. साळूमावशीनं तो बंद केला आणि हात पदराला पुसले.

"बरं क्येलं," ती म्हणाली. "माजं काय, मला कोण इचारतंय. तुमाला त्येंच्यात ऱ्हायचंय." मग म्हणाली, "पर पोरगीला काय सांगनार? ती जागी व्हती."

"ती लहान आहे. विसरेल."

"हां," साळूमावशी म्हणाली. "इसरंल."

त्याच पिशवीत दोन लुगडी आणि डबा भरून ती दुपारच्या एसटीनं गेली. एस्तेर शाळेत होती. मुद्दामच ती वेळ धरली होती प्रतिभानं.

एस्तेर रडली नाही, आजी कुठं गेली म्हणून फार विचारलंही नाही. फक्त साडेसातला तिची पाळी आली की "माझं आज काही चुकलं नाही" म्हणून मोकळी होऊ लागली. एप्रिल, मे, जून, जुलै. चार महिने ज्या मुलीचं काहीच चुकत नाही, तिच्याकडं बघून दुसरी एखादी आई सुखावली असती.

मंगळवारी शाळेतून बाईंचा फोन आला. वर्गातली कुंडी फुटली होती. एस्तेरनं समृद्धीचं नाव सांगितलं, समृद्धीला वर्गाबाहेर उभं केलं, आणि नंतर दोन मुलांनी सांगितलं की कुंडी एस्तेरच्या दप्तरानं पडली. "तुमच्या एस्तेरकडून ही अपेक्षा नव्हती हो," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी प्रतिभानं तिला समोर बसवलं.

"खोटं का बोललीस?"

एस्तेर फ्रॉकचं बटण फिरवत राहिली.

"दुसऱ्याचं नाव घ्यायचं? आपल्या घरात असं शिकवलंय तुला?"

पोरीचा चेहरा एकदम बदलला. प्रतिभाला वाटलं, आता क्षमा मागेल. पण एस्तेर हुंदका देत म्हणाली, "आता समृद्धीला पण पाठवून देतील का गं? साळूआजीसारखं? मला वाटलं नुसतं बाहेर उभं करतील..."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. सात वर्षांच्या पोरीला टोमणा मारता येत नाही. ती खरोखरच घाबरली होती, मैत्रिणीसाठी. प्रतिभानं तिला जवळ घेतलं, पण तिच्या पाठीवरून हात फिरवताना आपला हात परका वाटावा तसं तिला झालं. कार्डावर मुद्दे लिहून अर्धा तास बोललेली बाई ती हीच. चार महिने पोरीनं आईचं गुपित सांभाळलं होतं, आणि ते सांभाळायचं कसं हेही आईकडूनच उचललं होतं.

बुधवारी सुनील शाळेहून उशिरा आला. गुडघ्यांपर्यंत चिखल, रेनकोट ठिबकतोय.

"उद्या बैठक आहे ना वसतिगृहाची," चहा घेताना तो म्हणाला. "तुला आधी सांगायला हवं होतं, पण तू त्या विषयावर बोलूच देत नाहीस. साळुबाई आज वाटेत भेटली. लोकांच्या खाचरात लावणीला जाते रोजानं. कमरेत वाकली आहे पार. मला म्हणाली, 'गुर्जी, माजं जमंल का तितं? पोरींच्यात ऱ्हाईन, मला लई आवडंल. ताई सांगतील की चांगलं.'"

प्रतिभानं कप खाली ठेवला.

"असं म्हणाली?"

"हो. ताई चांगलंच सांगतील म्हणाली."

मग प्रतिभानं सांगितलं. स्वयंपाकघराचं दार लोटल्यापासून नळ बंद करेपर्यंत, सगळं. दोरा आपण तोडून दिला हेही. सांगताना तिनं सुनीलकडं बघितलं नाही.

सुनील ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी तिला बाजूला बसवून समजावलं होतं. मावशी, तुम्ही असं करायला नको होतं, पण आमच्या मनात काही नाही. ती म्हणाली, 'चुकलं गुर्जी.'" त्यानं डोळ्यांवरचा चष्मा काढला. "मी तिला क्षमा केली, प्रतिभा. मोठ्या मनानं. आणि तिनं ती घेतली पण."

"आता काय करू?"

"मला काय विचारतेस? मंगलबाई माझं धरणार नाहीत, तुझं धरणार आहेत."

"त्या मला संडे स्कूलमधून काढतील."

"काढतील कदाचित," सुनील म्हणाला आणि चिखलाचे पाय धुवायला मोरीत गेला.

गुरुवारी सकाळी प्रतिभा पुन्हा पुन्हा वेगवेगळं वाक्य जुळवून बघत होती. 'बाई, त्या वेळी जरा गैरसमज झाला होता.' नाही, गैरसमज कुणाचाच झाला नव्हता. 'पोरगी तापात होती, मी घाबरून गेले होते.' ते खरं होतं, पण ताप फेब्रुवारीत होता आणि खोटं एप्रिलमध्ये. 'साळुबाई तशी चांगली आहे, एक चूक सोडली तर.' हे वाक्य तर तिला सगळ्यांत सोपं वाटलं. कुणाचंच काही बिघडणार नव्हतं त्यात, काम होऊन गेलं असतं. म्हणूनच ते मनात आल्याची तिला किळस आली.

भगिनी मंडळाच्या ग्रुपवर सकाळचं वचन येऊन पडलं होतं आणि खाली हात जोडलेले होते. हे सगळे हात उद्या आपल्यासाठी जोडले जातील, तिला वाटलं. 'एका भगिनीसाठी प्रार्थना करा.' नाव न घेता, आणि सगळ्यांना कळेल असं. मंगलबाई रागावणार नाहीत. त्या गप्प राहतील, मग म्हणतील, "बरं झालं सांगितलंत." आणि त्या गप्पपणात काय काय असेल ते प्रतिभाला आत्ताच ऐकू येत होतं. रविवारी ती कुठल्या बाकावर बसेल, मुलांसमोर कशी उभी राहील, राहू देतील की नाही, यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. आणि मग साळूमावशीकडं जायचं होतं. तिथं जाऊन काय बोलायचं, याचं तर एकही वाक्य तिला सुचत नव्हतं.

नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. एस्तेर गणवेश घालून चहा-चपाती खात होती. रिक्षा यायला वेळ होता. तिला आत पाठवावं, किंवा गच्चीवर जाऊन बोलावं, असं प्रतिभाच्या मनात आलं, आणि उठायला म्हणून ती अर्धी उठलीही. मग परत बसली.

तिनं फोन उचलला आणि मंगलबाईंचं नाव काढलं.

"कुणाला करतेस?" एस्तेरनं तोंडात घास असतानाच विचारलं.

"मंगलबाईंना. साळूआजीचं सांगायचंय."

एस्तेरचा हात ताटलीवरच थांबला. "काय सांगणार?"

"दोरा मी बांधायला लावला होता, ते."

पोरगी तिच्याकडं टक लावून बघत राहिली. मग तिनं हळूच विचारलं, "मी बाहेर जाऊ?"

"नको," प्रतिभा म्हणाली. "इथंच बस." आणि तिनं नावावर बोट दाबलं.